दुमडीतलं शिसं

काट्याची सुई थरथरली, पुढे सरकली आणि मागच्या वेळच्या खुणेच्या पलीकडे जाऊन थांबली. सभागृहातल्या सगळ्या माना सुईकडे वळल्या. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खिडक्यांच्या काचा वाजल्या.

"वाढलं! पुन्हा वाढलं!"

मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर चढली. एका म्हातारीनं तिथल्या तिथे हात जोडले. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पडदेवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, कारण काट्यावर उभी होती ती तिची मुलगी.

हे सभागृह म्हणजे एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला. काटेबाबांचा दरबार तिथे भरायचा. बाबांचं सामान अगदी थोडं: वखारीतून आणलेला, माणूस उभा राहील एवढा जुना वजनकाटा, एक पिंपभर पाणी आणि जाडजूड शालींचा ढीग. बाकी सगळं काम तोंडानं.

"देह म्हणजे काय? डबा!" बाबा गरजायचे. "डब्यात काय? सत्त्व! मग ते जातं कुठे? आत खाणारी बसलेली असते. शोषिणी! ती डोळ्यांना दिसत नाही, डॉक्टरांच्या नळीला ऐकू येत नाही. पण काट्याला कळते. माणूस खोटं बोलेल, माझा काटा खोटं बोलणार नाही!"

यातलं शेवटचं वाक्य मात्र शंभर टक्के खरं होतं. काटा बिचारा एकदाही खोटं बोलला नाही.

वाळत चाललेल्यांना शोषिणी धरायची. जाड माणसांसाठी बाबांनी वेगळी बया नेमली होती, तिचं नाव भारिणी. शोषिणी सुटली की वजन वाढायचं, भारिणी सुटली की उतरायचं. दोघी बाबांच्या इतक्या ऐकण्यातल्या होत्या की बाबांच्या सख्ख्या भावंडांनीही त्यांचं तेवढं ऐकलं नसेल.

मुलगी काट्यावरून उतरली. अंगावर बाबांची शाल, खाली पायघोळ घागरा. ती हसली नाही. पडदेवालीनं पुढे होऊन तिला हात द्यायला हात उचलला आणि अर्ध्यावरच थांबवला. हात लावायचा नाही, असा बाबांचा हुकूम होता.

पडदेवाली आणि तिचा नवरा मोठमोठ्या घरांचे, कचेऱ्यांचे पडदे शिवून द्यायचे. तो मापं घ्यायचा, कापायचा, शिडीवर चढून लावून द्यायचा. शिवण सगळी हिची. खाली कारखाना म्हणावी अशी एक लांबट खोली, वर घर. सतरा वर्षांची एकच मुलगी. लहानपणी ती लोहचुंबक घेऊन फरशीवर रांगायची आणि सांडलेल्या टाचण्या गोळा करायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं टाचणी. पुढे ती खरोखरच टाचणीसारखी व्हायला लागली, तेव्हा आईच्या तोंडून ते नाव निघेनासं झालं.

सुरुवात कशी झाली ते कुणालाच नीट आठवत नव्हतं. आधी गोड सोडलं, मग तेल, मग भात. "मैत्रिणीकडे खाऊन आले," हे रोजचं झालं. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकूंनी तर कौतुक केलं होतं. "काय छान बारीक झालीस गं! आमच्या ध्यानाला सांग जरा." मग कौतुक थांबलं आणि काळजी सुरू झाली. औषधाच्या दुकानदारानं भूक वाढवायचं टॉनिक दिलं. बाप ओरडला, आई रडली. पोरगी ताटावरून उठून जायची आणि खाली कारखान्यात फेऱ्या मारत बसायची. बसायची कुठली, बसणं तिनं सोडूनच दिलं होतं.

शेवटी काकूंनीच बाबांचं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी बाबांनी मुलीला उपाशीपोटी आणायला सांगितलं. ना पाणी, ना पादत्राणं, अंगावर साधे कपडे. सुई जिथे थांबली तिथे खडूनं खूण केली. आणि मग घरासाठी आज्ञा दिल्या. मुलीनं एकटीनं, दार लावून जेवायचं. "शोषिणी लाजरी असते. तिच्या जेवणाकडे कुणी पाहिलं की चिडते, आणि मग आतडी ओढते." अंगाला कुणी हात लावायचा नाही, कारण शोषिणी एका देहातून दुसऱ्यात उडी मारते. आणि यापुढे दर्शनाला येताना बाबांची शाल पांघरून यायचं, काट्यावर चढण्याआधी बाबांचं भारलेलं पाणी पोटभर प्यायचं.

"आणि वजन दुसरीकडे करायचं नाही," बाबा म्हणाले. "परक्या काट्याची नजर लागते."

पडदेवालीनं सगळं डोळ्यांत तेल घालून पाळलं. ताट मुलीच्या खोलीत ठेवायचं, दार ओढून घ्यायचं, आणि जिन्यात बसून राहायचं. ताट परत यायचं ते लख्ख. भाताचं शीत नाही, बटाट्याचा तुकडा नाही. सुई दर खेपेला पुढे. आनंदानं नवऱ्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पण घरात काहीतरी वावरत होतं.

सकाळी पडदेवाली कारखान्यात उतरायची तेव्हा टांगलेल्या पडद्यांच्या ओळींमागे पावलं चाललेली असायची. या टोकापासून त्या टोकाला, पुन्हा इकडे. पडदे हलायचे आणि माणूस दिसायचा नाही. एकदा तिनं बोलणं ऐकलं. दबक्या, कडक आवाजात कुणीतरी कुणालातरी दटावत होतं. "बस्स. लाज नाही वाटत? बस्स म्हणतेय ना." आवाज तिच्या लेकीचाच होता, पण तिची लेक अशी कुणाशी कधी बोलली नव्हती. पडदेवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि ती पाय न वाजवता वर निघून गेली.

आणि वास यायला लागला. गोडसर, कुजका. अस्तराच्या कापडाचे उभे गठ्ठे ठेवले होते त्या कोपऱ्यातून. उंदीर मेला असेल म्हणून नवऱ्यानं फरशी धुतली. वास गेला नाही. काकूंनी नाकाला पदर लावला आणि डोळे मोठे केले. "शोषिणीचा वास हा. सुटायच्या बेतात आहे, म्हणून घाण टाकतेय."

पडदेवालीच्या मनात पाल चुकचुकत होती. सुई पुढे जात होती, पण मुलीच्या गालाची हाडं वर येत होती. मनगटावर बारीक, पांढरट लव दिसायला लागली होती. उन्हातही तिला स्वेटर लागायचा. वजन वाढतंय तर ते जातंय कुठे? हा प्रश्न तिला पडला होता, आणि असा प्रश्न पडणं म्हणजेच शंका घेणं, म्हणून तिनं तो गिळून टाकला. शंका घेणाऱ्यांच्या घरी शोषिणी परत येते, असं बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बाबांसारखी माणसं आपल्या दारांना कड्या आधी घालतात आणि मग चमत्कार करतात.

पुढच्या दर्शनाला सभागृह ओसंडून गेलं. "आज शोषिणी कायमची उतरणार," अशी बाबांनी हाकाटी केली होती. टाचणी शाल पांघरून आली. पिंपाजवळ उभी राहून पेल्यामागून पेला पाणी प्यायली. काट्याच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि तिचे डोळे पांढरे झाले. ती पुढे झेपावली, धडपडली आणि लाकडी फळ्यांवर आडवी झाली.

ती पडली तेव्हा आवाज आला. देहाचा नाही. देहाचा आवाज जवळजवळ आलाच नाही, एवढी ती हलकी होती. घागऱ्याची कड फळ्यांवर आपटली, तिचा आवाज. टक्, टक्, टक्, टक्.

"ऐकलंत?" बाबांनी दोन्ही हात वर केले. "शोषिणी पडली! तिची हाडं वाजली!"

लोकांनी जयजयकार केला. पडदेवालीनं मात्र घागऱ्याच्या कडेकडे पाहिलं. तो आवाज तिनं जन्मभर ऐकला होता. पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या शिवतात. नवऱ्याच्या हातून शिडीवरून पडदा निसटला की असाच आवाज व्हायचा.

ती धावली.

"हात लावू नकोस!" बाबा ओरडले. "उडी मारेल ती!"

"मारू दे," ती म्हणाली आणि मुलीला उचललं. कितीतरी दिवसांनी तिनं लेकीला हात लावला होता. पाठीचा मणका न मणका बोटांना लागला. घागऱ्याची कड उलटून पाहिली. आत ओळीनं चकत्या होत्या, जाड पडद्याला लावतात तशा. आणि त्यांच्यावर टाका होता बाहेरून न दिसणारा, तिनं स्वतः मुलीला शिकवलेला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या. त्यांनी नाडी पाहिली, रक्त काढलं, छातीला तारा लावल्या. मुलीला इस्पितळाचे पातळ कपडे घालून वजन केलं आणि आकडा कुणाला न दाखवता लिहून घेतला.

"वजन वाढत नव्हतं, बाई," त्या म्हणाल्या. "मुलगी संपत चालली होती. हृदय फार मंद चाललंय. एवढं पाणी पिऊन रक्तातल्या क्षारांचं प्रमाणही ढळलंय. आणखी थोडे दिवस गेले असते तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते."

पडदेवालीच्या तोंडचं पाणी पळालं. "पण ताट तर रोज रिकामं यायचं!"

मुलीचे कपडे आणायला ती घरी गेली, तेव्हा त्याचंही उत्तर मिळालं. कारखान्यातल्या त्या कोपऱ्यात जाऊन तिनं अस्तराचा पहिलाच गठ्ठा आडवा केला. कापड ज्या पुठ्ठ्याच्या जाड नळीवर गुंडाळलेलं असतं, तिच्या तोंडातून एक प्लास्टिकची पिशवी बाहेर घसरली. आत भात होता, काळा पडलेला. दुसऱ्या नळीत पाव, तिसरीत बटाटे. शोषिणी शेवटी सापडली होती. पुठ्ठ्याच्या नळ्यांत गठ्ठ्यांनी उभी होती.

ती तिथेच फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली.

ती इस्पितळात परत आल्यावर नवऱ्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "म्हणजे पोरगी आम्हाला फसवत होती?"

"आजार फसवत होता. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात याला. हा हट्ट नाही, थेर नाहीत. उपाशी मेंदूत जेवणाची भीती बसते, आणि जेवढं कमी खाल्लं जाईल तेवढी ती वाढते. ती भीती मग माणसाला काहीही करायला लावते. लपवायला, खोटं बोलायला, शिसं शिवायला."

"ती कुणाशी तरी बोलायची," पडदेवाली हळूच म्हणाली. "मी ऐकलंय. दुसरंच कुणी बोलत असल्यासारखं."

"ऐकलं असेल. यातल्या पुष्कळ मुली सांगतात, आणि मुलगेसुद्धा, की आत सतत कुणीतरी दटावत असतं. म्हणून आम्ही घरच्यांना सांगतो, मुलगी वेगळी आणि आजार वेगळा धरा. रागवायचं तर आजारावर."

नवरा चमकला. "मग बाबा तरी वेगळं काय सांगत होते?"

"बाबा म्हणाले, तिला त्या आजाराबरोबर खोलीत एकटं सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी म्हणतेय, एका घासालासुद्धा एकटं सोडू नका."

मग त्यांनी पुढचं समजावलं. आधी मुक्काम इथेच. अन्न सुरू करायचं, पण बेताबेतानं. उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तर तेच जिवावर बेततं, म्हणून रक्त वरचेवर तपासायचं. धोका टळला की घरी. घरी काय खायचं, किती, कधी, हे काही महिने आईबापानं ठरवायचं आणि शेजारी बसून भरवल्यासारखं पार पाडायचं. ओरडायचं नाही, वाद घालायचा नाही, वजनाचा विषय काढायचा नाही, आणि "काय सुंदर दिसतेस" हेही नाही. अंग सावरलं की जेवणाचा कारभार थोडा थोडा तिच्या हातात परत द्यायचा. सोबत मानसोपचार, तिच्या एकटीचे आणि तिघांचे मिळूनही. वयानं मोठ्या माणसांना एकट्याचे उपचारच जास्त लागू पडतात, प्रत्येकाचं वेगळं असतं.

"एखादी गोळी नाही का?" नवऱ्यानं विचारलं.

"हा आजार घालवणारी नाही. उदासी फार असली तर तिच्यावर देऊ. पण पहिलं औषध अन्नच."

"बरी होईल ना? कधी?"

"पुष्कळ जण बरे होतात. मध्येच घसरतात, पुन्हा सावरतात. तारीख मी देणार नाही. तारीख देणारे तुम्ही पाहिलेत."

त्या संध्याकाळी पडदेवाली लेकीच्या उशाशी बसली.

"टाका बघितलास?" टाचणीनं विचारलं.

"बघितला."

"दुसरा कुठलाही घालता आला असता मला. तुझाच घातला." ती छताकडे बघत होती. "आतली ती म्हणायची, लपव, नीट लपव. आणि मला वाटायचं, आई एकदा तरी दुमड उलटून बघेल. तू कुणाचाही पडदा दिसला की दुमड उलटतेस. माझीच बघितली नाहीस."

"मला हात लावायची बंदी होती गं," आई म्हणाली. हे बोलताना आपलंच उत्तर तिला एवढं लाजिरवाणं वाटलं की तिनं मान खाली घातली. मग लेकीचा थंड हात दोन्ही हातांत धरून ती चोळत राहिली.

काही आठवड्यांनी, टाचणी उठून बसायला लागल्यावर, आईनं तिला विचारलं, "बाबांच्या दरबारात जाऊन सांगू का सगळं? तुझी गोष्ट आहे. तू नको म्हणालीस तर नाही."

टाचणीनं विचार केला. "सांग. पण माझं वजन सांगू नकोस."

दरबार भरला होताच. पडदेवालीला बघून बाबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "या! शोषिणीमुक्त मुलीची माता! बोला, लोकांना अनुभव सांगा!"

"सांगते. आधी माझं वजन करा. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, अंगावर शाल नाही. तुमचा पहिल्या दिवसाचा नियम."

ती चढली. बाबांना खडूनं खूण करणं भाग पडलं. ती उतरली, पिंपाशी गेली, पोट तट्ट होईपर्यंत भारलेलं पाणी प्यायली, ढिगातली सगळ्यात जाड शाल पांघरली आणि पुन्हा चढली. सुई खुणेच्या पुढे गेली.

"अभिनंदन करा माझं," ती लोकांकडे वळून म्हणाली. "एवढ्या वेळात शोषिणी सुटली. तिनं मला धरलं कधी तेवढं कळलं नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. एक गलेलठ्ठ व्यापारी पुढच्या रांगेत बसला होता, भारिणीवाला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "मला पहिल्या दिवशी शाल पांघरून बोलावलं होतं," तो म्हणाला. "आणि भरपेट. त्यानंतर दर वेळी उपाशी आणि बिनशालीचं." आता हसणारे पुष्कळ झाले. बाबांचं पितळ भर दुपारी, भरल्या दरबारात उघडं पडलं.

तेव्हा पडदेवालीनं पिशवीतून मूठभर चकत्या काढून काट्यावर टाकल्या. टक्, टक्, टक्. हसणं थांबलं.

"हे माझ्या मुलीच्या घागऱ्यात होतं."

"म्हणजे तुझ्या पोरीनं मला फसवलं!" बाबा एकदम उसळले.

"तुमच्या शालीच्या फसवणुकीत तिच्या आजारानं आपलं शिसं घातलं, एवढंच. तुम्हाला सुई पुढे जायला हवी होती, आजारालाही सुई पुढे जायला हवी होती. माझी मुलगी तुमच्यापैकी कुणालाच नको होती." तिनं काट्यावरच्या चकत्यांकडे बोट दाखवलं. "तुम्ही बघू नका म्हणालात, मी बघितलं नाही. हात लावू नका म्हणालात, लावला नाही. दाराबाहेर बसून मी माझ्या पोरीला मरू देत होते आणि वर तुमच्या टाळ्या ऐकत होते."

बाबांनी त्याच आठवड्यात काटा गाडीत घातला आणि गाव सोडलं. कुठल्यातरी दुसऱ्या गावात सुई सरकतच असेल. इस्त्रीवाल्या काकूंचं म्हणणं अजून असं, की काही झालं तरी पोरगी बाबांच्याच काट्यावर पडली म्हणून कळलं ना? अशा लोकांना काय सांगायचं? तरी सांगायलाच हवं. घरातलं माणूस वाळत चाललं, ताटाला भ्यायला लागलं, तर त्याच्या अंगात कोण शिरलं ते शोधत बसू नका. डॉक्टरांकडे न्या, वेळेवर न्या. आणि जो कुणी तुम्हाला सांगेल की बघू नका, विचारू नका, हात लावू नका, त्याच्या दारातून त्याच पावली परत फिरा. खऱ्या उपायाकडे कुणी बघितलं तर त्याचं काही बिघडत नाही.

टाचणी आता घरी आहे. दुपारी तिघं जेवायला बसतात. पाव, लोणी, दूध, केळं, जे ठरलं असेल ते. काही दिवस सरळ जातात. काही दिवस ती पावाकडे नुसती बघत राहते आणि तिचे ओठ हलतात.

"काय म्हणतेय?" आई विचारते.

"म्हणतेय, आई तुला लठ्ठ करणार आहे. ऊठ."

"तिला म्हणावं, आई जागची हलणार नाहीये."

कधी अर्धा तास जातो, कधी जास्त. दूध थंड होतं, बाप ते पुन्हा गरम करून आणतो. मग एक घास जातो. कुणी टाळ्या वाजवत नाही.

भीती पुरती गेलेली नाही. अजूनही कारखान्यात एखादा पडदा नवऱ्याच्या हातून निसटतो, शिसं फरशीवर वाजतं, आणि पडदेवालीच्या काळजाचा ठोका चुकतो. ती मशीन थांबवते.

"टाचणे?"

टांगलेल्या पडद्यांच्या मागून, जरा वैतागलेला, आवाज येतो.

"आहे गं. इथेच आहे."

मग ती उठते, पडदा बाजूला करते आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून येते.